पाचवं कलम कुनी वाचलंच न्हाई

मु. बोरजाईवाडी, ता. मावळ
१२ फेब्रुवारी, गुरवार

चिरंजीव निवृत्ती भाऊजींना झुंबरवहिनीचा पोटभर आशीर्वाद. वाकू नका, तुमचं गुडघं मला ठावं हायेत. बसल्या जागी घेतला तरी पोचतो.

हितं समदं खुशाल हाय. म्हस खुशाल, मी खुशाल, आन् गावातली जी मान्सं माज्यावर रुसून बसलीत ती बी खुशालच हायेत, बसलीत येवडंच. तुमची तब्येत कशी हाय? सकाळच्याला पोट साफ व्हतंय का? (लाजू नका. मी ह्या घरात सून म्हनून आले तवा तुमी आठ वर्साचं व्हता, आन् तुमाला एरंडेल पाजायचं म्हनलं का दोन मान्सं हात धरायला आन् एक नाक दाबायला लागायचं. नाक मी दाबायची.) रेल्वेतनं रिटायर झाल्यावर खंडाळ्याच्या बंगल्याची राखन धरलीत, चांगलं केलंत, रिकामा मानूस बायकूच्या पायात येतो. पन नंदाबाई सांगत व्हती का बंगल्याचा मालक वर्सातनं दोनदा येतो, त्याचं कुत्रं बारा म्हैनं ऱ्हातं, आन् तुमी त्या कुत्र्याला अहोजाहो करता. खरं का? आन् माकडानं तुमची कवळी पळवलीती, ती गावली का? गावली नसंल तर ऱ्हाऊ द्या, त्याला बसली आसंल.

फोन का न्हाई केला आसं म्हनाल. फोन केला का तुमी "हं वहिनी, हिला देतो" म्हनून नंदाबाईच्या हातात देता, आन् मग आमी दोघी तुमच्याच चुगल्या करत बसतो. ह्या खेपंला मला तुमच्याशी बोलायचं हाय, आन् बोलायचं लय हाय. सातवीपोत्तर शिकले ती काय फकस्त बाजाराची यादी लिवायला व्हय?

तर भाऊजी, तुमची वहिनी पेपरात आली. फोटूसकट. कशी आली त्ये ऐका, आन् ऐकताना मधी झोपू नका.

आपल्या गावची सरपंचाची जागा ह्या खेपंला बायकांसाठी राखीव निघाली हे तुमाला ठावंच हाय. बजरंगानं चार वर्सं तयारी केलती, पांढरा कोट शिवून ठिवलता. चिठ्ठी निघाली बायकांची. मग त्याची बायकू सविता हुबी ऱ्हायली, सविता निवडून आली आन् कोट बजरंगानं घातला. खुर्चीत बजरंग, लोकं 'सरपंच' म्हनत्यात ती बजरंगाला, आन् सही लागली का तेवडं रजिस्टर सविताकडं घरी जातं. ती एका हातानं भाकरी थापती आन् दुसऱ्यानं सही करती. (आपल्या पंचायतीचं रजिस्टर उघडून हुंगा, बाजरीचा वास येतो. काई पानं तर तव्यावर टाकली तर फुगतील.)

मधी वरनं एक कागद आला. नवरा मेल्यावर बाईचं कुकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, तिला हळदीकुकवाला बोलवायचं न्हाई, ह्या समद्या रीती गावागावांनी सभेत ठराव करून बंद कराव्या, आसा. आता गंमत बगा. मान्सं समदी सारकी आसं दिल्लीत घटनेत लिवलं. मुंबईनं त्याचा कागद केला, पुन्यानं पुडं धाडला, वडगावनं गावोगाव वाटला. येवडा पल्ला मारून बिचारा हक्क आपल्या गावापोत्तर आला आन् आडकला कुटं, तर बजरंगाच्या फटफटीच्या डिकीत, पंक्चरच्या सामानाखाली. आपुन म्हनतो हक्क सरकार देतं. देत आसंल. पन त्यो बाईच्या हातात पडनार का न्हाई हे शेवटाला आपल्या समाजमंदिराच्या पत्र्याखाली ठरतं, आन् त्या पत्र्याखाली बजरंग बसलेला आसतो.

आता ह्यात बाया कुटनं आली त्ये सांगते. वरच्या ठाकरवाडीतली बाया, कान्हूची बायकू, आपल्या भातलावनीला पंचवीस वर्सं येती ती. बोलायला कमी आन् हाताला चपळ. (नंदाबाईच्या बरोबर उलटी. हे तिला वाचून दाखवू नका.) कान्हू दोन वर्सांमागं वारला. मागं बाया आन् दहावीतली लेक सुषमा. घर दोघा नवराबायकूनं मिळून बांधलेलं, दगूड न् दगूड बायाच्या डोक्यावरनं वर गेलाय. पन पंचायतीत नाव एकट्या कान्हूचं. कान्हूचा धाकटा भाऊ सनी लोनावळ्यात पाव्हन्यांची गाडी चालवतो. पाव्हन्यांना डोंगरावरनं धरनाचं पानी बगायचा लय नाद, आन् कान्हूच्या वसरीतनं धरान दिसतं. सनीच्या डोक्यात आलं, हितं होमस्टे काढायचा. झोपाळा, तंबू, रंगीत दिवं, समदं त्याचं ठरलं. पंचायतीत अर्ज टाकला, भाऊ वारला, घर माज्या नावावर लावा. सव्वीस जानेवारीच्या सभेत त्यो मंजूर व्हनार व्हता, आन् बायाला त्यानं सांगितलं, वहिनी, तुमी सुषमाला घिऊन माहेरी जावा. (बाया पन्नाशीची, भाऊजी. तिच्या माहेरी आता वळखीचं म्हनावं तर एक जांभळीचं झाड उरलंय.)

ती माज्या दारात यिऊन बसली. रडली न्हाई. च्या पिली, कप धुवून पालथा घातला आन् म्हनली, "झुंबरमावशी, दगूड मी वाहिलं. मग कागदात माजं नाव कुटंच न्हाई व्हय?"

मी तिचा पालथा कप सुलटा केला आन् परत च्या वतला.

तिसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई रतन रजिस्टर घिऊन दारात. आपल्याकडची पद्धत तुमाला ठावं हाय का न्हाई कोन जाने, तुमी बरीच वर्सं भाईर. आपल्याकडं सभा आदी लिवत्यात, मग घरोघर हिंडून सह्या घेत्यात, आन् मग जमलं तर सभा भरवत्यात. बहुतेक जमत न्हाईच. शंभर डोकी भरावी लागत्यात, येत्यात आठ. मग गनपूर्ती न्हाई म्हनून सभा तहकूब करायची, अर्ध्या तासानं त्याच आठांनी त्याच पत्र्याखाली परत बसायचं, तवा शंभराची अट नसती, आन् समदं मंजूर म्हनून भजी खायाला उठायचं. तर रतन म्हनला, मावशी, हितं सही. मी म्हनलं काय लिवलंय? म्हनला, ठराव हाय, तुमच्याच फायद्याचा. मी म्हनलं, मग वाचते. त्याचं तोंड आसं झालं जसं मी त्याला रजिस्टर उकडून वाढ म्हनले. "आवं मावशी, वाचायचं नसतं वो, अजून साठ घरं ऱ्हायल्यात!"

मी त्याला कडकडीत च्या दिला, फुकून प्यायला येळ लागंल आसा, आन् वाचायला बसले. डिकीतल्या कागदापरमानं करायचा ठराव बजरंगाच्या मोबाइलवर दुसऱ्या कुटल्या गावाचा आलता. आपलं ग्रामसेवक सुहास भाऊसाहेब (मानूस चांगला, फकस्त घाम लय येतो) त्यांनी त्यो जसाच्या तसा उतरवून काढला, निस्तं गावाचं नाव बदललं. पयलं कलम कुकू पुसायचं न्हाई. दुसरं बांगड्या फोडायच्या न्हाईत. तिसरं हळदीकुकवाला मान द्यायचा, चौथं झेंडावंदनाला मान द्यायचा. आन् पाचवं, जसंच्या तसं लिवते: 'दिवंगत पतीचे राहते घर त्याच्या विधवा पत्नीच्या नावे नमुना नंबर आठला एक महिन्याच्या आत नोंदविण्यात येईल. इतर नातेवाइकांचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही.' नमुना आठ म्हंजी पंचायतीचं घराचं रजिस्टर, कुनाचं घर कुनाच्या नावावर त्ये ज्यात आसतं. तीनदा वाचलं. सहावं कलम नदीतला वाळूउपसा बंद करायचं व्हतं. (आपल्याकडं नदी कुटंय, आन् ओढ्यात वाळू कुटंय? गोटं हायेत. तवाच मी वळखलं का हे बजरंगानं वाचल्यालं न्हाई, भाऊसाहेबानं लिवताना वाचल्यालं न्हाई, आन् सवितानं भाकरी थापताना तर न्हाईच.) मी गपचीप सही केली. येवडी मोठी केली का रतन म्हनला, मावशी, तुमी शेजारनीची बी जागा खाल्ली.

पन भाऊजी, रजिस्टरातला ठराव म्हंजी फडताळातलं लोनचं. कुनीतरी झाकान काढून पानात वाढलं तर त्याचा उपेग. सभा खरीच भरली पायजे व्हती, आन् पाचवं कलम चारचौघात मोठ्यानं वाचलं पायजे व्हतं. त्ये कसं करावं ह्या इचारात मी आसताना बजरंग सोताच आला. कोट घालून. वसरीत बसला, टोपी काढली, परत घातली. म्हनला, "मावशी, पेपरात फोटू द्यायचाय. सविता कुकू लावती आन् समोर एक… म्हंजी आशी बाई… जिचं आपलं…"

"जिचा नवरा मेलाय आशी," मी म्हनलं.

"व्हय, तसलीच," म्हनला, आन् त्याला घाम फुटला.

मी म्हनलं येते, पन माज्या दोन अटी. एक, ठाकरवाडीतल्या समद्या बायकांना गाडी धाडून आनायचं, दोन्ही दिवस, बायकांच्या सभंलाबी आन् मोठ्या सभंलाबी. (सभेची दवंडी गाडीवर भोंगा लावून फिरती, पन ती वाडीच्या खालच्या चढाला मागं वळती. त्यांना आजपोत्तर सभा आसती हेच ठावं न्हवतं.) दुसरी अट, ठराव सभेत त्यानं सोता वाचायचा, त्याच्या त्या भारदस्त आवाजात. दुसरी अट ऐकून त्यो इतका खूश झाला का पयली त्याच्या ध्यानातच ऱ्हायली न्हाई. तुमाला म्हनून सांगते, पुरुष मानसाला भारदस्त म्हनलं का तुमी त्याच्याकडनं म्हशीचं शेन बी काढून घ्याल. तुमच्यावर करून बगितलंय मी.

पंचवीस जानेवारीला रथसप्तमी व्हती. सभेच्या आदल्या दिवशी बायकांची सभा घ्यावी लागती, तर बजरंगानं तीच हळदीकुकवात बसवली. जीप वाडीवर तीन खेपा गेली आन् एकेचाळीस बायका उतरल्या, बाया सगळ्यात मागं. गावातल्या बायका म्हनल्या, ठाकरवाडीच्या आल्यात मग आपुनबी जाऊ, तर त्याबी आल्या. पत्र्याखाली पाय ठिवायला जागा न्हाई. बजरंगानं वान म्हनून च्याच्या गाळन्या आनलेल्या, मोजून पंचवीस, कारन आजपोत्तर ह्या सभेला सह्याच जास्त आन् बायका कमी.

मग माजा कार्यक्रम. मला खुर्चीवर बसवलं. सविता कुकवाचा करंडा घिऊन समोर. पाठीमागनं कुनीतरी म्हातारी कुजबुजली, आगं नगं गं बाई, पाप लागंल. मी म्हनलं, लागलं तर मला लागंल, तुज्या दारात धाडनार न्हाई. बायका हसल्या. सवितानं कुकू लावलं. भाऊजी, तुमचं दादा गेल्याला अकरा वर्सं झाली. अकरा वर्सांत ह्या कपाळाला घाम सोडून कुनी हात लावला न्हवता. बोट टेकलं तवा मला जरा कसंतरी झालं, पन त्ये तिथल्या तितंच ऱ्हायलं, कारन पप्पू फोटूवाला वरडला, "मावशी, डोळं मिटलं तुमी, परत!" (हाच पप्पू झेरॉक्सचं दुकान चालवतो आन् पेपराला बातम्या धाडतो.) परत लावलं. मग म्हनला बजरंगभाऊंचं डोकं कापलं जातंय, परत. मग म्हनला आता जरा भाऊक व्हा, परत. पाच डाव लावलं. माजं कपाळ म्हंजी देवळातला उंबरा झाला. पाचव्या डावाला कुकू नाकात गेलं आन् मला आशी शिंक आली, आशी शिंक आली, का फोटूत यावं म्हनून पुडं वाकलेल्या बजरंगाचा पांढरा कोट खांद्यापासनं खिशापोत्तर लालेलाल. माजं कुकू पुसायची रीत बंद झाली, पन त्याचं पुसायला चार मान्सं धावली.

तेवड्यात गाळन्या संपल्या. पंचवीस घिऊन गेल्या, सत्तर तशाच. गलका उठला. एक म्हनती मला चुकवून दिली, दुसरी म्हनती हिला दोन मिळाल्या. ठाकरवाडीच्या बायका बिचाऱ्या गप हुब्या, तर आपल्याच आळीतली एक फुरंगटून म्हनली, त्यांना जीप आन् आमाला गाळनीबी न्हाई व्हय? बजरंग खुर्चीवर चढून वरडला, "ऱ्हायलेल्या गाळन्या उद्या! मोठी सभा संपल्यावर! बसून ऱ्हानाऱ्यालाच मिळतील!"

मी त्याला त्या दिवशी मनातल्या मनात दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आन् पत्र्याखाली एकशे त्रेचाळीस डोकी बसली. ज्यांना गाळनी मिळाली न्हाई त्या आल्या, ज्यांना मिळाली त्या कुनाला दुसरी मिळती का त्ये बगायला आल्या, आन् बायका येवड्या कशाला गेल्या म्हनून बाप्येबी आले. भाऊसाहेबानं तहकुबीची नोटीस आदल्या दिवशीच लिवून खिशात ठिवलेली. त्यानं दोनदा मोजलं. मग नोटीस काढून तिच्यानं घाम पुसला. फोटूसाठी म्हनून पप्पूनं सविताला मधल्या खुर्चीत बसवलेलं, अध्यक्ष म्हनून. निवडून आल्यापासनं त्या खुर्चीत ती पयल्यांदाच बसली.

बजरंग हुबा ऱ्हायला, घसा साफ केला आन् सुरू. आवाज खरंच भारदस्त हाय मेल्याचा. पयलं कलम, टाळ्या. दुसरं, टाळ्या. तिसरं, चौथं, टाळ्या. त्याच दणक्यात पाचवंबी वाचलं, 'इतर नातेवाइकांचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही,' टाळ्या! मग त्यो थांबला. कागद डोळ्याजवळ नेला आन् व्हट हालवत मनातल्या मनात परत वाचला. पन पडलेली टाळी काय परत घेता येत न्हाई. गडबडीनं त्यानं सहावं वाचलं, वाळूचं, त्याला आदिनाथ आबांनी सगळ्यात जोरात टाळी दिली. (आबांच्या शेतात वाळू सोडा, मातीबी धड न्हाई.)

मी उठले. म्हनलं, "बाया, दे तुजा अर्ज." सुषमानं लिवलेला, मोत्यासारकं अक्षर. घर आईच्या नावावर लावा, ठराव कलम पाच. भाऊसाहेब म्हनले, मावशी, हा इषय पत्रिकेवर न्हाई. मी म्हनलं, पत्रिकेत शेवटाला काय लिवलंय? 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय.' हा ऐनयेळचा हाय.

बजरंग म्हनला, "परवानगी न्हाई."

"तुला कोन इचारतंय बाबा? अध्यक्ष कोन हाय?"

समदी सविताकडं बगाया लागली. सविता बजरंगाकडं बगाया लागली. बजरंग डोळ्यांनी खुना करतोय, न्हाई म्हन, न्हाई म्हन. मला वाटलं संपलं आता. तिनं एकडाव बायाकडं बगितलं. बाया आपली मागच्या रांगत अर्ज छातीशी धरून हुबी. मग सवितानं पदर खवचला, जसा परात पुडं वढायच्या आदी खवचती तसा, आन् म्हनली, "परवानगी हाय. वाचा अर्ज."

सनी उठला. "ह्ये बरूबर न्हाई. मी काय वहिनीला रस्त्यावर टाकतो व्हय? तिला माहेरी जायचं नसंल तर ऱ्हाऊ दे. मी तिला कामाला ठिवतो, पाव्हन्यांचं जेवान करंल. पर घर बाईच्या नावावर कुटं आसतं का?"

तवा बाया बोलली. पंचवीस वर्सांत मी तिला चारचौघात बोलताना ऐकलं न्हवतं. "माज्याच चुलीवर मला कामाला ठिवतोस व्हय रं सनी? ती चूल मी घातली तवा तू चड्डीत न्हवतास." पत्रा हसला, भाऊजी, निस्ती मान्सं न्हाई. सनी बी हसाया लागला आन् हसत हसत खाली बसला, ती त्याची चूक झाली. हसल्याल्या मानसाला परत रागावता येत न्हाई.

आदिनाथ आबा मातर हसलं न्हाईत. म्हनलं, आज ठाकरवाडी, उद्या ही बला आमच्या घरात शिरंल. त्यांच्या थोरल्या भावाची बायकू रंडकी व्हऊन वीस वर्सं झाली, घर आबांच्या नावावर. ती पयल्याच रांगत बसलेली, हातात गाळनी. तिनं मान वळवून आबांकडं निस्तं बगितलं, आन् आबांना एकदम दम लागला, आबा खाली बसलं. भाऊसाहेबानं मागनं मोजलं तर गावात आशी बावीस घरं निघाली. बावीस घरात कर्ता बाप्या कोन हे समद्यांना ठावं, आन् चूल कोन पेटवती हेबी ठावं, पन दोन्ही एका कागदावर कुनी मांडलं न्हवतं. हात वर झालं. बायकांचं आदी, मग बाप्यांचं एकेक, शेजारी बगत बगत. सनीचा बी झाला, अर्धा. अर्ज मंजूर.

गेल्या सोमवारी बायाला उतारा मिळाला. मालकाच्या जागी तिचं नाव, आन् भोगवटादार, म्हंजी घरात ऱ्हानारी, म्हनून बी तिचंच. ती उतारा घिऊन माज्याकडं आली, मला म्हनली, मावशी, वाचून दाखवा. मी वाचला. म्हनली, परत. पाच डाव वाचून घेतला तिनं. सनीचा होमस्टे व्हनार हाय, पन आता बायाच्या अटीवर, वसरीत न्हाई, परड्यात. पाव्हनं भाव करायला लागलं का सनी म्हनतो, थांबा, ओनर मॅडमला इचारून येतो. सविता आता रोज दहा वाजता पंचायतीत येती. बजरंग घरी भाकरी थापतो आसं म्हनवत न्हाई, पन पीठ मळून ठिवतो, आसं रतन सांगतो. आन् पेपरात फोटू आला त्यो सोबत धाडलाय. त्यात माजं शिंकायच्या आदीचं तोंड हाय, सविताचं कोपर हाय, आन् डाव्या कडंला जी काय आंब्याच्या कोयीसारकी दिसती ती बजरंगाच्या कानाची पाळी.

पत्र लांबलं. नंदाबाईला आठवन सांगा, कुत्र्याला नमस्कार.

तुमची आशीर्वादाचीच,
झुंबरवहिनी

ता. क. नंदाबाईसाठी एक गाळनी काढून ठिवलीय. कशी मिळवली त्ये इचारू नका.

ता. क. दुसरं. त्या बावीस घरांचं लिवलं ना, त्यातलं एकविसावं वाचताना भाऊसाहेबानं माज्याकडं बगितलं आन् घाम पुसला. घर नंबर एकशे बारा, खालची आळी. मालक: निवृत्ती. म्हंजी मी ज्या घरात चोपन्न वर्सं सारवतेय त्ये तुमचं हाय, भाऊजी, आन् मला पत्ता न्हाई. मग आठवलं. दादांचं तेरावं झाल्यावर तुमी म्हनला व्हता, वहिनी, तुमी कशाला पंचायतीत हेलपाटं मारता, मी बगतो. तुमी बगितलं. तुमच्या मनात वंगाळ न्हवतं हे मला ठावं हाय, बाईच्या नावावर घर कुटं आसतं, येवडंच मनात व्हतं, सनीसारकं. आन् तवा तुमी पुडं केलेल्या कागदावर मीबी सही केलती, न वाचता. च्याबी मीच करून दिलता. त्यामुळं रतनची मी जी चेष्टा केली ती अर्धी माज्याकडं वळवून वाचा.

ता. क. तिसरं. येत्या सोमवारी, सोळा तारखेला, अकरा वाजता पंचायतीत तुमची संमतीची सही पायजे. तुमच्या सहीवाचूनबी व्हईल, कलम पाच तसंच हाय, पन मला तसं नको. तुमी सोता यावं आन् सोताच्या हातानं करावी. गाडी लागंल तर सनी घिऊन येतो म्हनलाय, ओनर मॅडमनं त्याला सांगितलंय. वरची खोली तुमची हाय ती तुमचीच. दिवाळीला या, शिमग्याला या, गुडघं धरून महिनाभर पडा. आजपोत्तर मी तुमाला समद्या पत्रात 'घरी या' आसं लिवत आले. सोमवारनंतर 'माज्या घरी या' आसं लिवायचंय. तेवडा एक शब्द वाढवायला तुमची सही लागती.